थप्पी लावायला जयपूरला

जयपूरहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हवामहाल पाहिलात का?" मी पाहिला. ई-रिक्षातून, तोंडात कचोरी असताना, मान उलटी करून, साधारण सहा सेकंद. बाकीचे चार दिवस मी एक लोखंडी डबा पाहिला. वीस फूट लांब, निळा, एका कोपऱ्यात पोचा आलेला. तेव्हा महालांबद्दल वाचायचं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी प्रवासवर्णन काढावं. या डब्याबद्दल मात्र माझ्याइतक्या अधिकारानं कुणी लिहू शकणार नाही. मी त्यात दारं बंद करून उभी राहिलेय, आणि त्याचं वाटोळं होता होता राहिलं तेही माझ्याच हातानं.

आधी माझी ओळख. सांगलीत हळदीच्या एका गोदामात मी छत्तीस वर्षं गोदामपाल होते. पोत्यावर पोतं, खोक्यावर खोकं रचायचं त्याला आमच्याकडे थप्पी लावणं म्हणतात, आणि थप्पीत माझा हात धरणारा कृष्णाकाठी नाही. एकदा पुराचं पाणी गोदामात शिरलं तेव्हा मी लावलेली थप्पी तशीच्या तशी तरंगत फाटकापर्यंत गेली आणि पाणी ओसरल्यावर एक पोतं न हलता परत येऊन जागेवर बसली. याला साक्षीदार आहेत. काही वारले, बाकीचे नाकारतात.

तर अशा मला नोव्हेंबरात धाकट्या भावाचा, विलासचा फोन आला. विलास सैन्यातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त होऊन जयपूरलाच राहिलाय.

"आक्का, वंदनाचा पहिला कंटेनर चाललाय परदेशी. थप्पी लावायला ये."

मी बॅग भरायला घेतली तेव्हा फोन अजून चालूच होता.

खातीपुरा

रेल्वेतल्या छत्तीस तासांबद्दल एवढंच सांगते की समोरच्या बाकावरचे गृहस्थ माझ्याहून मोठ्यानं बोलत होते, आणि कोट्याला उतरेपर्यंत ते गप्प झालेले होते.

विलासचं घर खातीपुऱ्यात, स्टेशनापासून जवळच. दारात भावजय वंदना उभी. "वन्सं, या," म्हणून तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मागून माझी भाची मुक्ता धावत आली. मुक्ता चोवीस वर्षांची, शिकली झाशी, पठाणकोट, जोधपूर अशा तीन-चार छावण्यांतल्या शाळांत. मराठी बोलते, पण चालताना चप्पल सुटावी तशी मधूनच तिची मराठी सुटते.

"आत्या, तू थकली असशील ना? मतलब, आधी आराम कर, मग गप्पा."

"मी थकत नाही. मला भूक लागते," मी सांगितलं.

तिकडच्या थंडीत बाजरीची भाकरी करतात. आपल्याकडे भाकरीला तूप लावतात. तिकडे भाकरीत बोटानं विहिरी पाडतात आणि त्या तुपानं भरतात. माझ्या भाकरीत वंदनानं सात विहिरी पाडल्या. नको म्हणायची सोय नाही. जयपूरला नको म्हणणं हा आग्रहाचा पहिला टप्पा धरतात, आणि इतक्या दिवसांत वंदनाला ते पाणी पुरतं लागलंय. आठव्या विहिरीपाशी मी विषय बदलला.

"हे जयपूर, इथून समुद्र सहाशे-सातशे किलोमीटर. मग तुझं जहाज लागतं कुठं?"

"आमच्याकडे कोरडं बंदर आहे, वन्सं," वंदना म्हणाली.

मला वाटलं, माझ्याच घराण्यातली थापेबाजी सासरी येऊन हिच्या अंगात भिनली. पण खरंच आहे. जयपूरला एक बंदर आहे, तिथे कस्टमचे साहेब आहेत, क्रेन आहेत, कंटेनरांच्या भिंतीच्या भिंती आहेत, फक्त पाणी नाही. डबा तिथे पोचवायचा, तिथून तो मालगाडीवर चढतो, गुजरातच्या किनाऱ्यावर जातो आणि मग जहाजात बसून रॉटरडॅमला. तिथल्या एका मराठी दुकानदारानं संक्रांतीचा सगळा माल वंदनाकडे मागवला होता: तिळाचे लाडू, गुळाच्या पोळ्या, लोणची, भडंग, मेतकूट, आणि हलव्याचे दागिने. सहाशे खोकी. समुद्रातून जायला सात आठवडे.

"शनिवारी चारला बंदराचं फाटक बंद होतं," मुक्तानं सांगितलं. कागदपत्रांचं सगळं तीच बघते. "चारच्या आधी डबा आत गेला तर ट्रेन मिळते, ट्रेन मिळाली तर जहाज. नाही मिळाली तर माल पोचणार जानेवारीच्या एंडला."

"आणि संक्रांत झाल्यावर तिळगूळ कोण घेणार?" विलास म्हणाला.

वंदनानं माझ्या भाकरीत नववी विहीर पाडली.

मुरलीपुरा

वंदनाचा कारखाना सीकर रोडच्या बाजूला मुरलीपुऱ्यात. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन भट्ट्या, पाकीटबंद करायची यंत्रं आणि डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या बारा बायका. शेड घासीलालजींची. ते समोरच्याच तीनमजली घरात राहतात. मी गेले तेव्हा त्या घरावर वरपासून खालपर्यंत दिव्यांच्या माळा चढत होत्या. देवउठनी, म्हणजे आपली कार्तिकी एकादशी झाली की जयपूरला लग्नांचा पूर येतो, आणि घासीलालजींचा लोकेश शनिवारी घोडीवर चढणार होता.

खोकी चढवायला भंवरजी नावाचे मुकादम होते. हमालाला तिकडे पल्लेदार म्हणतात. भंवरजींच्या हाताखाली सहा पल्लेदार आणि नाकाखाली अशा मिशा की उजवी मिशी शेडमध्ये शिरल्यावर डावी यायला थोडा वेळ लागायचा. त्यांनी हात जोडले. "पधारो, बाईसा."

मी मुक्ताला बाजूला घेतलं. "हा मला बाई का म्हणतो? आमच्याकडे बाई म्हणजे एक तर शाळेतली नाहीतर धुण्याभांड्याची."

"आत्या, इकडे नणंदेला बाईसा म्हणतात. खूप रिस्पेक्टचं असतं."

ऐकल्यावर मला ते गृहस्थ एकदम हुशार वाटू लागले.

वंदना कस्टमचे कागद करणाऱ्या एजंटकडे सह्या करायला गेली होती, तेव्हा शेडचा ताबा मी घेतला. सहाशे खोकी भिंतीला लावून ठेवलेली. लोणच्याच्या बरण्या आणि लाडू जड, ते डब्यात तळाला जायला हवेत. हलव्याचे दागिने म्हणजे साखरेचे काटे दोऱ्यात ओवलेले हार, बांगड्या, मुकुट, त्यांच्यावर एक लोणचं बसलं की संपलं, ते अगदी माथ्यावर. मी जाड मार्कर मागवला. छत्तीस वर्षांच्या सवयीनं जड खोक्यांवर, दोनशेच्या दोनशे, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: "खाली". आणि दागिन्यांच्या चोवीस खोक्यांवर, जिथे छापलेलं होतं "हलव्याचे दागिने", त्याच्या पुढे लिहिलं: "वर".

आपली आणि त्यांची लिपी एकच. मग अडचण ती कसली?

भंवरजी मागे हात बांधून बघत होते. त्यांनी एक खोकं वाचलं. "हलव्याचे... हलवा, बाईसा?"

"हां, हलवा."

"वर?"

"वर!" मी बोट वर केलं.

ते बोट कुठे जातंय ते बघत त्यांची नजर वर गेली. वर, झरोक्यातून, भिंतीपलीकडे घासीलालजींचं तीनमजली घर दिव्यांनी चमकत होतं.

"समझ गया, बाईसा," भंवरजी म्हणाले.

इतका चटकन समजणारा मुकादम मला सांगलीत एकही भेटला नव्हता. मी तसं त्यांना सांगितलंसुद्धा.

चारदीवारी

शुक्रवारी वंदना पुन्हा एजंटकडे अडकली, आणि काम झालं या समाधानात मी मुक्ताला घेऊन चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात फिरायला गेले. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून लठ्ठ माणूस आला तर एकानं लग्न करून संसार थाटावा आणि दुसऱ्यानं जायची वाट बघावी. एका दुकानात लाखेच्या बांगड्या माझ्यासमोर निखाऱ्यावर वळून मनगटाच्या मापाच्या केल्या. माझं मनगट बघून कारागीर आत गेला आणि लाखेचा दुसरा गोळा घेऊन आला. कांद्याची कचोरी खाल्ली. आपल्याकडे कचोरी हा खाऊ असतो. तिकडे ती जबाबदारी असते. एक संपवली की दुपारच्या जेवणाचं उत्तरदायित्व संपतं.

मग मिरची बडा. हातभर लांब मिरची, पोटात बटाटा, वरून बेसन. मी कोल्हापूरच्या शेजारची, तिखटाला कोण घाबरतंय म्हणून अर्धा बडा एका घासात घेतला. पुढची काही मिनिटं माझ्या दोन्ही कानांतून जो धूर निघाला त्यावर एका भुट्टेवाल्यानं दोन कणसं भाजून घेतली. नेमका तेव्हा मुक्ताचा फोन वाजला.

"हां भंवरजी... क्या? सुनाई नहीं दे रहा... दो सौ पे लिखा है?" तिनं फोनवर हात ठेवला. "आत्या, तू खोक्यांवर 'खाली' लिहिलंयस ना? भंवरजी विचारतायत, खाली करायचं का?"

जीभ माझ्या ताब्यात नव्हती. खोकी खाली ठेवायचीच होती. मी जोरात मान हलवली.

"सगळी?"

पुन्हा मान.

"आणि 'वर'वाली? ती वर... मतलब, आज पाठवू का विचारतायत."

वर चढवायची का, असं मी ऐकलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, अशा अवस्थेत मी अंगठा वर केला. मुक्ता फोनमध्ये म्हणाली, "हां, आत्याजी ने जो लिखा है, वही करो." दुकानदारानं मला दही दिलं. एकूण दिवस छान गेला.

पुन्हा मुरलीपुरा

शनिवारी सकाळी साडेआठला ट्रेलर आला. त्यावर तो निळा डबा. आम्ही सगळे, म्हणजे विलास, वंदना, मुक्ता आणि मी, शेडच्या आधी डब्यापाशीच थांबलो, कारण खाण्याचा माल भरायचा तर डबा आधी तपासावा लागतो. आधी वास. मी आत नाक घातलं. कांदा नाही, कातडं नाही, रसायन नाही. मागच्या फेरीत कापडाचे तागे आणि त्यातला एक जांभळा, एवढं मी सांगितलं. ड्रायव्हर पाया पडायचा तेवढा राहिला.

मग उजेडाची परीक्षा. माणसांनी आत जायचं, बाहेरून दारं लावायची आणि अंधारात बघायचं की पत्र्यातून कुठे उजेडाची टाचणी दिसते का. दिसली तर समुद्रात तिथूनच पाणी शिरणार. मी आणि वंदना आत गेलो. दारं धाडकन लागली.

असा अंधार मी आयुष्यात पाहिला नाही, म्हणजे पाहताच आला नाही. आम्ही दोघी मान फिरवत उभ्या. टाचणी नाही. एक मुंगीसुद्धा आत आली असती तर तिला कंदील लागला असता.

"वन्सं," अंधारातून वंदनाचा आवाज आला. "झाशीला मी मसाले सुरू केले होते. आठवतं?"

"आठवतं. काळा मसाला. मी चार किलो नेला होता."

"तीन बायका कामाला ठेवल्या आणि यांची बदली झाली. पठाणकोटला पापड. बदली. जोधपूरला तर दुकानाची पाटी रंगवून आली होती, लावलीच नाही." तिची बांगडी पत्र्यावर वाजली. "हे पहिलं आहे जे मला कुणी बंद करायला सांगणार नाही. पण पहिलाच माल वेळेवर गेला नाही तर तो दुकानदार पुन्हा मागवणार नाही. मग मीच बंद करीन. एवढा गूळ, एवढे तीळ घेऊन बसण्याची ताकद नाही माझ्यात."

मी अंधारात तिचा हात शोधला. सापडला तो दाराचा दांडा. तेवढ्यात विलासनं दार उघडलं.

आम्ही शेडचं शटर वर केलं.

जमिनीवर लोणच्याच्या बरण्या उभ्या होत्या. ओळीनं, अंतर राखून, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरींसारख्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पलीकडे लाडवांचे डबे, तेही ओळीनं. आणि कोपऱ्यात दोनशे रिकामी खोकी, चपटी करून, सुतळीनं बांधून, अगदी नेटकी.

भंवरजी पुढे आले. चेहऱ्यावर अभिमान. "बाईसा, सब खाली कर दिया. एक भी बोतल नहीं फूटी."

"खाली?" मी म्हणाले. "अहो खाली म्हणजे खाली! तळाला!"

"खाली माने खाली, बाईसा. जिसमें कुछ नहीं."

वंदनाची नजर शेडभर फिरत होती. "दागिने कुठायत? हलव्याचे?"

"वो तो कल ही दूल्हे के घर पहुँचा दिए," भंवरजी म्हणाले. "लिखा था, हलवा, वर। वर माने दूल्हा। बाईसा ने उँगली से घर भी बताया."

मी मुक्ताकडे पाहिलं. माझ्या रक्ताची मुलगी, तिला तरी कळायला हवं होतं! मुक्ताचे डोळे भरले होते. "आत्या, मीपण तसंच वाचलं गं. खाली मतलब एम्प्टी. मला वाटलं, तुला बरण्या चेक करायच्या असतील. आणि वर... सामने शादी आहे ना."

आता प्रामाणिकपणे लिहिते, कारण या लेखात एक तरी जागा तशी असावी. पहिल्यांदा मी भंवरजींवर ओरडायचं ठरवलं होतं. तोंड उघडलंही. पण ते शांतपणे म्हणाले, "बाईसा, लिखा आपने, पढ़ा मैंने," आणि त्यात कुठे सुरी घालायला फट नव्हती.

"चूक माझी," मी म्हणाले. हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाल्याचं ऐकून विलासनं भिंतीला हात टेकला.

वंदनानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "किती वाजले?"

"नऊ."

"मुक्ता, बरण्या मोजायला घे. वन्सं, तुम्ही दागिने आणा."

घासीलालजींच्या घरात हळद चालली होती. आपल्याकडे नवरदेव हळदीला कसा बसतो? बनियनवर, अंग चोरून. लोकेश चौरंगावर राजासारखा बसला होता. अंगभर पिवळं उटणं, आणि त्यावर गळ्यात हलव्याचा हार, दंडात हलव्याचे बाजूबंद, डोक्यावर हलव्याचा मुकुट. आजूबाजूला पंधरा बायका गाणी म्हणत होत्या आणि अधूनमधून नवरदेवाच्या बाजूबंदाचा एकेक दाणा तोडून खात होत्या.

मी हात जोडून सगळं सांगितलं. खाली, वर, रॉटरडॅम, चार वाजता फाटक. घासीलालजींनी कपाळावर हात मारला. "अरे राम! हमने सोचा, भाभीजी ने मराठी रिवाज का हलवा भेजा है."

तेवीस खोकी जिन्याखाली तशीच होती, चिकटपट्टीसकट. उघडलेलं एकच. पण लोकेशची आजी, ऐंशीची दादीसा, तिनं नातवाच्या मुकुटावर हात ठेवला. "बींद को चढ़ाया गहना उतरता कोनी."

नवरदेवाला चढवलेला दागिना उतरत नाही. यावर बोलायचं काय? मी म्हणाले, "दादीसा, हे जावयाचेच दागिने आहेत. आमच्याकडे पहिल्या संक्रांतीला जावयाला असेच घालतात. तुमच्या नातवानं दोन महिने आधी संक्रांत केली, एवढंच." दादीसा हसली. तिला दात नव्हते, तरी ती एक काटा चघळत होती.

मी तेवीस खोकी घेऊन निघाले तर घासीलालजी मागून म्हणाले, "बाईसा, और कितना काम बाकी है?"

"दोनशे खोकी पुन्हा भरायची. बायकांना आज सुट्टी, माणसं आहेत सात. वेळ नाही."

ते गच्चीच्या जिन्याकडे वळले आणि वर तोंड करून ओरडले. गच्चीत वऱ्हाड होतं. वरात संध्याकाळची, आणि सकाळपासून चाळीस बाप्ये साफे, म्हणजे फेटे बांधून, चहा पिऊन, करण्यासारखं काही नाही म्हणून एकमेकांच्या साफ्यांना नावं ठेवत बसले होते. सगळे खाली उतरले. खाली म्हणजे मराठीतलं खाली.

शेडच्या दारात वंदना आडवी उभी राहिली. "टोपी के बिना कोई अंदर नहीं आएगा."

"भाभीजी, साफा है तो," एक मिशीवाले काका म्हणाले.

"साफ्यावर टोपी. खाण्याचा माल आहे." रागात ती मराठीतच बोलली आणि सगळ्यांना समजलं.

मग चाळीस गुलाबी, केशरी, लहरिया साफ्यांवर चाळीस पांढऱ्या जाळीच्या टोप्या चढल्या. विलासच्या अंगात तीस वर्षांची परेड जागी झाली. "तीनों-तीन में लाइन बन!" त्यानं अशी आरोळी ठोकली की ट्रेलरचा ड्रायव्हरसुद्धा रांगेत येऊन उभा राहिला. एक रांग खोकी उलगडून बूड चिकटवणारी, दुसरी बरण्या हातोहात देणारी, तिसरी तोंड बंद करणारी. मुक्ता प्रत्येक खोकं तपासत होती. लोकेशला हळद लागलेली, त्याला उंबरा ओलांडायची बंदी. तो सज्जात मुकुटासकट उभा राहून शिल्लक मोजत होता. "एक सौ साठ बाकी! फूफाजी, आप धीरे चल रहे हो!"

मी डब्यात. मार्कर भंवरजींनी माझ्या हातातून अलगद काढून घेतला होता. "अब मैं लिखूँगा." त्यांनी माझ्या सगळ्या अक्षरांवर रेघ मारून "नीचे" आणि "ऊपर" लिहिलं, आणि मी थप्पी लावली. खोकं असं बसवायचं की शेजारच्या दोघांचा जोड त्याच्या पोटाखाली यावा, म्हणजे जहाज कितीही डोललं तरी भिंत फुटत नाही. मधल्या पोकळीत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या. फूफाजी, म्हणजे लोकेशच्या आत्याचे यजमान, दारात येऊन बघत राहिले आणि म्हणाले की लोकेशचं लग्न एवढं पक्कं टिकलं तर बरं.

पण एक खोकं कमी होतं. कागदावर सहाशे, डब्यात पाचशे नव्व्याण्णव.

"त्यात मिरची बडे भरू," मी सुचवलं. "खोकं खोक्यासारखं दिसल्याशी कारण."

"नाही, वन्सं. कागदावर आहे तेच आत, आणि आत आहे तेच कागदावर." वंदनानं मुक्ताकडे पाहिलं. "कागद बदल."

मुक्तानं एजंटला फोन लावला. मग कस्टमच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्याच्या माणसाला. मग पुन्हा एजंटला. ती हिंदीत अशी बोलत होती की मला तिच्या मराठीची कीव करणं कायमचं बंद करावं लागलं. दोन वाजले. थप्पी लागली. दारं बंद झाली, वंदनानं स्वतः सील ठोकलं, पण कागद येईना. अडीच. चाळीस टोप्या रस्त्यावर मुक्ताच्या फोनकडे बघत उभ्या. पावणेतीनला मुक्ताचा फोन वाजला. "झालं! पाचशे नव्व्याण्णव!" आणि ती ड्रायव्हरशेजारी चढली, तिच्या शेजारी भंवरजी, आणि ट्रेलर निघाला.

पुढचं मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तो भाग खरा असावा. सव्वातीनला मुक्ताचा फोन: "आत्या, पुढे घोडी आहे. मतलब, कुणाची तरी शादी, बँडबाजा, पूर्ण रोड बंद!" डबा अडकलेला, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, बँडवाल्यांना तो भोंगा तालात वाटतोय. तेव्हा भंवरजी उतरले. त्यांनी वरातीच्या पुढे जाऊन नाचायला सुरुवात केली, आणि असे नाचले की बँड त्यांच्या मागे, घोडी बँडच्या मागे, आणि वऱ्हाड घोडीच्या मागे. नाचत नाचत ते सगळ्यांना घेऊन डावीकडच्या एका गल्लीत शिरले. रस्ता मोकळा. ट्रेलर निघून गेला. भंवरजी दोन तासांनी परत आले तेव्हा त्यांच्या गळ्यात नोटांचा हार होता आणि त्यांना परतीच्या वरातीचंही आमंत्रण होतं.

शेडमध्ये आम्ही तिघं राहिलो होतो. विलास फाटकापासून भट्टीपर्यंत आणि भट्टीपासून फाटकापर्यंत चालत होता. वंदना उभी, फोन हातात. साडेतीन. पावणेचार. मला इतका वेळ गप्प राहिल्याचा आयुष्यात पहिलाच अनुभव, आणि मी तो कुणालाही सुचवणार नाही. चारला सहा मिनिटं कमी असताना वंदनाच्या फोनवर मुक्ताचा एक शब्द आला. "अंदर."

वंदनानं तो मला दाखवला. मग विलासला. मग परत स्वतः वाचला. मग ती मागे न बघताच, मागे होतं त्याच्यावर बसली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. मागे होता मालाचा मोठा वजनकाटा. तो दिवसभर चालूच राहिला होता. तिच्या डोक्यामागच्या पाटीवर लाल आकडे पळाले, थरथरले आणि एका जागी थांबले.

विलासनं ते पाहिले. मी पाहिले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

एवढ्या लेखात मी तुमच्यापासून काही लपवलं नाही, उलट जरा जास्तच दिलं. पण तो आकडा सांगणार नाही. माझी भावजय आहे ती.